दिलावरचे थांबे

मंगळवार, ८ मार्च १९४९ रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मल्लमपेठ गावात राजय्या कोमटी या वाण्याच्या दारासमोर घोडा थांबला. घोड्यावर एकनाथराव बिलोलीकर बसले होते. त्यांनी थांबायला सांगितले नव्हते.

त्यांनी टाचा मारून पाहिल्या. लगाम सैल केला, मग ताणला. घोडेस्वारीच्या आठ दिवसांच्या शिक्षणात सांगितलेले उपाय संपल्यावर ते घोड्याला "चला आता" असे म्हणाले. घोड्याने एक कान मागे नेला आणि परत पुढे आणला.

मागून चालत येणारा साईस शेख इमाम रस्त्याच्या कडेला बसला आणि त्याने बिडी पेटवली.

"इमामभाई, हा का थांबला?"

"इधर ठैरता साब."

"का पण?"

"वो मेरेकू नै मालूम. मैं घोडे का आदमी हूं. घोडा ठैरा तो मैं बी ठैरता."

दार उघडले. एक म्हातारी बाहेर आली. तिने घोड्याकडे पाहिले. वर बसलेल्या माणसाकडे पाहण्याची गरज तिला वाटली नाही. ती आत गेली, फडक्याने तोंड बांधलेला पितळी तांब्या घेऊन आली, तो खोगिराच्या उजव्या कडीला अडकवला आणि घोड्याच्या मानेवर थोपटले. घोडा चालू लागला. या सगळ्याला चार मिनिटे लागली.

"हे काय आहे?" एकनाथरावांनी विचारले.

"तूप है साब."

"कशासाठी?"

"खाने के वास्ते," इमाम म्हणाला.

एकनाथराव त्या वेळी बेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांतली एकोणीस वर्षे त्यांनी जंगलखात्याच्या कचेरीत कारकुनी केली होती. कोणत्या जंगलात सागाची किती झाडे आहेत ते त्यांना तोंडपाठ होते. उभे सागाचे झाड मात्र त्यांनी पाहिले नव्हते. आडवे पाहिले होते. त्यावर कागद ठेवून ते रोज लिहीत.

आदल्या सप्टेंबरात हिंदी फौजा हैदराबादेत आल्या, वरची माणसे बदलली, काही जागा रिकाम्या झाल्या. अशा एका जागेवर एकनाथराव हंगामी रेंजर झाले. मुस्तकिल, म्हणजे कायम, होण्यासाठी एकच अट होती. आपल्या हद्दीत स्वतःच्या घोड्यावरून पाच दिवसांचा दौरा करायचा, मुक्काम जंगलात राहुटी ठोकून करायचा, आणि हे सगळे बाहेरून आलेल्या तपासणी अधिकाऱ्याच्या नजरेखाली. अट पुरी झाली नाही तर परत कारकुनी करता येईल, असे त्यांना आधी वाटले होते. पण त्यांच्या खुर्चीवर फेब्रुवारीतच मद्रासकडचा एक तरतरीत तरुण येऊन बसला होता आणि त्याने दौतीची जागाही बदलली होती. म्हणजे आता एक तर रेंजर, नाही तर घरी.

घोडा त्यांच्या सासऱ्यांचा होता. आबासाहेब देगलूरकर याच हद्दीत रेंजर होते आणि दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले होते. हैदराबादेतल्या काचीगुड्यात त्यांचे नाव मुलांना शिस्त लावण्यासाठी घेतले जाई. आबासाहेबांनी दौऱ्यावर कुणाच्या घरचे पाणीसुद्धा मागितले नाही, असे लोक सांगत. जावयाला घोडा लागणार हे कळताच त्यांनी आपला दिलावर तबेल्यातून काढून दिला. दिलावर कुमाईत, म्हणजे काळसर तांबड्या रंगाचा, अठरा वर्षांचा, तोंडाने गंभीर. दौऱ्याची त्याला बारा वर्षांची सवय होती.

"बाबांचा घोडा आहे," एकनाथरावांच्या पत्नी तारामतीबाई म्हणाल्या होत्या. "त्याला सगळा रस्ता ठाऊक आहे. तुम्ही नुसते बसून राहा. एवढं तरी येतं ना?"

तपासणी अधिकारी केशवराव मुंडले नागपूरकडून बदलीवर आले होते. त्यांना भाड्याचे तट्टू मिळाले होते आणि ते सावकाश चालत असल्याने केशवराव दोन फर्लांग मागे होते. निघताना त्यांनी नवे परिपत्रक मोठ्याने वाचून दाखवले होते. दौऱ्यावरील अधिकाऱ्याने गावाकडून रसद घेऊ नये, वेठ घेऊ नये, भेट म्हणून सुपारीचे खांडही घेऊ नये. घेतल्याचे आढळल्यास त्याच दिवशी नोकरी संपली. वाचून झाल्यावर त्यांनी परिपत्रकाची घडी घालून वहीत ठेवली होती आणि वही कोटाच्या डाव्या खिशात.

सात वाजून पंचवीस मिनिटांनी त्यांचे तट्टू येऊन मिळाले.

"काहून थांबले होते जी?"

"घोड्याला दम लागला होता, साहेब."

"दोन मैलांत?"

"वय झालंय त्याचं."

केशवरावांनी तांब्याकडे पाहिले. "आणि हे?"

"तूप आहे."

"कोणाचं?"

एकनाथराव खोटे बोलण्यात नवखे होते. "घोड्याचं," ते म्हणाले.

"घोड्याला तूप देऊन राहिले?"

"गुडघ्यांना चोळतात. जुनी पद्धत आहे."

केशवरावांनी वही काढून काहीतरी टिपले. तांब्या परतीच्या वाटेवर म्हातारीला परत करायचा, असे एकनाथरावांनी मनाशी ठरवले आणि त्यांना थोडे बरे वाटले.

आठ वाजून पंचावन्न मिनिटांनी दिलावर लंबाड्यांच्या तांड्यावर, नाईकाच्या झोपडीपुढे थांबला. नाईक दोन कोंबड्या पायाला दोरी बांधून तयारच घेऊन आला. या वेळी एकनाथराव खाली उतरले. सरकार बदलले आहे, रसद बंद झाली आहे, देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार ठरतील, असे त्यांनी कचेरीच्या उर्दूत नीट समजावून सांगितले. नाईकाने शेवटपर्यंत ऐकले आणि इमामला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितले.

"काय म्हणतो?"

"बोलता, राज बदला सो हम बी सुने. घोडा तो वहीच है."

एकनाथरावांनी कोंबड्या नाकारल्या आणि लगाम धरून घोड्याला ओढले. घोडा हलला नाही. नाईकाने कोंबड्या खाली ठेवल्या आणि मागून ढकलायला आला. मग त्याची बायको आली, दोन मुलगे आले, शेजारी आले. साडेनऊच्या सुमाराला अकरा माणसे घोडा ढकलत होती. एवढ्यात वळणावर केशवरावांचे तट्टू दिसले. एकनाथरावांनी कोंबड्या घेतल्या. घोडा लगेच चालला, आणि ढकलणाऱ्यांतले दोघे तोंडावर पडले.

"या कोंबड्या?" केशवरावांनी विचारले.

"पहाटे जाग यावी म्हणून."

"आरवतो तो कोंबडा असते, एकनाथराव."

"असं होय? आमच्या घरात कधी पाळल्या नाहीत, साहेब."

केशवरावांनी पुन्हा टिपून घेतले.

तिसऱ्या गावाआधी एकनाथरावांना एक युक्ती सुचली. घोड्याला दार दिसलेच नाही तर तो थांबणार कसा? त्यांनी आपला खांद्यावरचा रुमाल दिलावरच्या डोळ्यांवर बांधला. दिलावर थोडा हळू चालला आणि एका दारासमोर थांबला. घरमालक बाहेर आला, त्याने घोड्याच्या डोळ्यांवरचा रुमाल सोडला, झटकला, त्याची घडी घातली आणि चिंचेच्या गोळ्याबरोबर तोही खोगिराला बांधून दिला.

"बरोबर घर है?" एकनाथरावांनी इमामला विचारले.

"बिलकुल बरोबर है साब. जानवर हुशार है."

संध्याकाळी साडेपाच वाजता ओढ्याकाठी मोहाच्या झाडांखाली मुक्काम पडला. राहुट्या पुढे पाठवलेल्या बैलगाडीतून आल्या होत्या. इमामने मेखा ठोकून दिलावरच्या मागच्या-पुढच्या पायांना दोर बांधले आणि तोंडाला हरभऱ्याचा तोबरा चढवला. मोहाची फुले टपटप पडत होती. जंगल खरोखर सुंदर होते आणि एकोणीस वर्षे ज्याची मोजदाद केली ते हेच, हे एकनाथरावांच्या ध्यानात यायला हरकत नव्हती. पण ते राहुटीत वस्तूंकडे बघत बसले होते. तूप, कोंबड्या, चिंच, मधाचे मडके, शिंदीची चटई, केरसुण्यांची जुडी.

केशवराव आत आले. त्यांनी सगळ्या वस्तूंवरून नजर फिरवली आणि चटईवर बसले.

"केरसुण्या कोणत्या अवयवाला चोळता?" त्यांनी विचारले.

एकनाथरावांनी सगळे सांगून टाकले. "साहेब, मी मागितलं नाही. देवाशप्पथ एक शब्द मागितला नाही. घोडा मागतो."

"सोळा वर्षं मी चौकशा करून राहिलो," केशवराव म्हणाले. "बायकोनं घेतलं म्हणणारे पाहिले. शिपायानं घेतलं म्हणणारे पाहिले. एकानं तर मारुतीचं नाव सांगितलं, मंदिराच्या नावावर टाकलं होतं. घोड्यावर ढकलणारे तुम्हीच पहिले."

"उद्या तुम्ही बसून पाहा."

"बसतोच. आणि जर तो माझ्याखाली सरळ चालला, तर तुम्ही तिकडूनच घरी जा. रेल्वेचं तिकीट मी काढून देतो."

बुधवारी सकाळी केशवराव दिलावरवर बसले. त्यांनी नागपूरला पोलिसांच्या मैदानावर घोडा शिकला होता आणि त्यांची बैठक खरोखर चांगली होती. सात वाजून चाळीस मिनिटांनी बुर्गुपल्लीत पोलीस पाटलाच्या दारी घोडा थांबला. केशवरावांनी मांड घट्ट केली. त्यांनी शांत आवाजात, मग कडक आवाजात, मग इंग्रजीत हुकूम दिले. पंचवीस मिनिटे घोडा आणि तपासणी अधिकारी दोघेही जागेवर होते. एकनाथराव तट्टूवर बसून देवाचे नाव घेत होते. घोडा हलू नये अशी त्यांची प्रार्थना होती. दौरा सुरू झाल्यापासून असे मागणे त्यांनी प्रथमच मागितले.

आठ वाजून पाच मिनिटांनी पाटील बाहेर आला. उशीर झाल्याबद्दल त्याने घोड्याची माफी मागितली. त्याने बकरीचे एक करडू आणले होते, पण कड्यांना बांधून राहील इतके ते शांत नव्हते, म्हणून त्याने ते केशवरावांच्या मांडीवर ठेवले. घोडा चालू लागला.

सुमारे मैलभर केशवराव करडाकडे पाहत होते आणि करडू केशवरावांकडे.

"एकनाथराव."

"जी साहेब."

"मी हे मागितलं नाही."

"नाही साहेब."

"तुम्ही साक्षीला आहात."

"हो साहेब. आणि इमामभाईही."

"मैं घोडे का आदमी हूं," इमाम म्हणाला.

केशवराव बुद्धिमान गृहस्थ होते. आणखी एक मैल गेल्यावर त्यांनी लगाम घोड्याच्या मानेवर टाकून दिला, वही उघडली आणि पेन्सिलीला टोक काढले. "जाऊ द्या याला, जिकडे जाते तिकडे," ते म्हणाले. "आपण फक्त लिहू."

अकरा वाजून वीस मिनिटांनी दिलावरने हद्दीच्या दगडांची पाऊलवाट सोडली आणि तो बांबूच्या बेटात शिरला. आत दोन फर्लांगांवर मोकळी जागा होती. तिथे सागाचे सोट पाल्याखाली झाकून ठेवलेले होते. एकावरही सरकारी हातोड्याचा शिक्का नव्हता. केशवरावांनी मोजले, एकशे बेचाळीस भरले. राखणीला झोपलेला माणूस टापांच्या आवाजाने उठला, त्याने घोड्याला सलाम केला आणि कनवटीचा गुळाचा खडा काढून त्याच्या तोंडापुढे धरला.

"बहोत दिनां के बाद," तो डोळे चोळत म्हणाला. "आबासाब खैरियत से हैं?"

"छान आहेत," केशवराव म्हणाले. मग ते मागे वळले. "आबासाब कोण?"

एकनाथराव तट्टूच्या आयाळीतला एक काटा काढत होते. तो निघाल्यावर त्यांना दुसरा सापडला नाही.

"घोड्याचे मालक," ते म्हणाले.

"आणि तुमचे?"

"सासरे."

शनिवारपर्यंत वहीत चौदा दारे आणि चोरट्या लाकडाचे तीन साठे नोंदले गेले. बारा वर्षांत खात्याला यांतला एकही साठा सापडला नव्हता. केशवराव अतिशय खूष होते. त्यांच्या मते हिंदुस्थानातल्या कोणत्याही प्रांतात अशी तपासणी झाली नव्हती. शेवटच्या मुक्कामावर त्यांनी अहवालाचा मसुदा वाचून दाखवला. त्यात एकनाथरावांना ताबडतोब मुस्तकिल करावे अशी शिफारस होती, कारण त्यांनी आपले वाहन निर्भयपणे सरकारच्या स्वाधीन केले.

"साहेब," एकनाथराव म्हणाले, "घोड्याच्या मालकाचं नाव गाळता येणार नाही का?"

"येते की. पण मग घोडा कोणाचा म्हणून लिहू?"

"माझा लिहा."

"लिहितो. मग चौदा दारांची ओळखही तुमचीच होते. मग शिफारस राहत नाही, फिर्याद होते." केशवरावांनी पेन्सिल वहीत ठेवली. "मी वाईट माणूस नाही जी. पण घोडा आकाशातून पडला असं लिहिता येत नाही."

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता एकनाथराव काचीगुड्याला सासऱ्यांच्या ओसरीवर बसून होते. करडू अंगणात बांधले होते. पुरावा म्हणून ते जपून ठेवायचे होते. आबासाहेब खाटेवर पान जमवीत होते. त्यांनी सगळी हकीकत मान हलवत ऐकली, नाईकाचे नाव आले तेव्हा "त्याची आई कशी आहे?" एवढेच विचारले.

"आबासाहेब, तुम्ही घेत होता," एकनाथराव म्हणाले.

"मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही."

"घोडा थांबत होता."

"मुकं जनावर आहे. दमतं. चाबूक मारायचा का त्याला?"

"आणि तूप?"

"लोक प्रेमानं देत. नको म्हटलं की त्यांची तोंडं उतरायची. आपण सरकारी माणसं, लोकांना दुखवून कसं चालेल?" त्यांनी पानाला चुना लावला. "शिवाय मी हात लावला नाही कधी. इमामला विचारा. घोड्यावर चढवायचे तेच, उतरवायचा इमाम."

"आणि बांबूच्या आतली लाकडं? एकशे बेचाळीस सोट?"

आबासाहेबांचा हात थांबला. "किती वाजता गेला होता तुम्ही तिथं?"

"अकरा वीसला."

"ती माझ्या जपाची वेळ," आबासाहेब म्हणाले. "सव्वाअकरा ते पावणेबारा मी घोड्यावर डोळे मिटून बसायचो. बारा वर्षांत एक दिवस चुकवलं नाही. त्या वेळात घोडा कुठे जायचा, देवाला माहीत."

तारामतीबाई दारात उभ्या होत्या. "बाबा, दिवाळीला आमच्याकडे तुपाचा डबा यायचा तो हाच का?"

"पोरीच्या घरी दिवाळीला रिकाम्या हातानं पाठवायचं का कुणाला?"

तारामतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. "आणि तुम्ही काय म्हणायचात ते आठवतं का? असलं रवाळ तूप शहरात शोधून सापडत नाही. दर वर्षी म्हणायचात. बोटं चाटत."

तूप खरोखर रवाळ असे.

"आता हे सांगा," तारामतीबाई म्हणाल्या, "बाबांचं नाव कागदावर जाणार की तुमची नोकरी जाणार?"

"दोन्हींपैकी एक."

"मग मला विचारू नका. मी एकीकडे मुलगी आहे आणि एकीकडे सोळा वर्षं तुमच्या पगारावर घर चालवते." त्या आत गेल्या. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "जेवायला या. वरणावर आज तेल घातलंय."

सोमवार, १४ मार्च रोजी सकाळी साडेआठ वाजता केशवराव टांग्यातून काचीगुड्याला आले. अहवाल त्यांच्या आतल्या खिशात होता. तो खात्याच्या प्रमुखांच्या हाती कचेरीत द्यायचा होता आणि त्यांना घोडाही दाखवायचा होता, कारण नुसत्या कागदावर हे कुणाला पटणार नाही असे केशवरावांचे मत होते. प्रमुख जुन्या राजवटीतून नव्या राजवटीत जसेच्या तसे आलेले मोठे अधिकारी होते. रसदबंदीच्या परिपत्रकावर सही त्यांचीच होती, आणि एकनाथरावांच्या मुस्तकिलीच्या हुकमावर जी सही व्हायची राहिली होती तीही त्यांचीच.

पुरावा म्हणून तूप, मध, चिंच आणि कोंबड्या पुन्हा दिलावरवर चढवण्यात आल्या. करडू एकनाथरावांच्या सायकलच्या मागे बांधले, इमाम घोड्यामागे उभा राहिला. केशवराव घोड्यावर बसले. आबासाहेब ओसरीवरून उतरून फाटकापर्यंत आले. त्यांचा चेहरा दोन दिवसांत प्रथमच काळजीत दिसला.

"साहेब," ते म्हणाले, "बडी चावडीवरून जा. नारायणगुड्याकडून जाऊ नका."

"काहून?"

"रस्ता खणलाय."

"काल तर मी तिथूनच आलो."

"आज खणलाय," आबासाहेब म्हणाले.

"काळजी नका करू. लगाम माझ्या हातात आहे," केशवराव म्हणाले आणि निघाले.

चौकात दिलावर नारायणगुड्याकडे वळला. केशवरावांनी लगाम डावीकडे ओढला. घोड्याची मान डावीकडे झाली आणि घोडा उजवीकडे चालत राहिला. रस्ता कुठेही खणलेला नव्हता. शाळेत जाणारी मुले कोंबड्या पाहून मागे लागली. नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी दिलावर एका पिवळ्या बंगल्याच्या फाटकासमोर थांबला.

फाटकावर नावाची पाटी होती. केशवरावांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. एकनाथराव सायकलवरून उतरले. त्यांनी पाटी वाचली नाही. प्रमुखांच्या त्या नावाने त्यांनी एकोणीस वर्षे कागद पाठवले होते.

बंगल्यातून चपराशी बाहेर आला. त्याने घोड्याकडे पाहिले. वर बसलेल्या माणसाकडे पाहण्याची गरज त्यालाही वाटली नाही. "अंदर बोलो, दौरा आ गया," त्याने आत आवाज दिला आणि कोंबड्या सोडायला घेतल्या. मग मध, मग चिंच. तूप त्याने फडके बाजूला करून हुंगून पाहिले. करडू सायकलवर आहे हे त्याच्या उशिरा लक्षात आले, ते नेताना तो एकनाथरावांना म्हणाला, "इस बार सायकल बी लाए?"

वरच्या मजल्यावर एक पडदा सरकला. तोंडाला दाढीचा साबण लावलेले एक गृहस्थ क्षणभर दिसले आणि पडदा परत मिटला.

केशवरावांनी वही काढली. पेन्सिल काढली. लिहिले मात्र काही नाही.

"आता चला," एकनाथराव हळू आवाजात म्हणाले. "सगळं उतरलं. आता चालेल तो."

दिलावर हलला नाही.

"इमामभाई, आता काय राहिलं?"

इमाम बंगल्याच्या भिंतीला टेकून बिडी ओढत होता. "इधर का कायदा अलग है साब. इधर देना रहता. बाद में अंदर से कागद आता, दस्तखत करको. कागद हात में लिए बगैर नै हिलता उनो."

"कसला कागद?"

"हर बार अलग. आबासाब की तरक्की बी इधरीच से आई थी."

नऊ वाजून बावन्न मिनिटांनी चपराशी पुन्हा बाहेर आला. या वेळी तो अदबीने चालत होता आणि त्याच्या दोन्ही हातांत एक लांब लखोटा होता. लखोट्यावर एकनाथराव बिलोलीकर, मुस्तकिल रेंजर, असे लिहिले होते. शाई ओली होती. लखोटा त्याने एकनाथरावांपुढे धरला आणि दुसरा हात केशवरावांकडे वर केला. "साब बोले, आप का बी कोई कागद है बोलते. वो अंदर दे देना, बोले."

केशवरावांनी आतल्या खिशावर हात ठेवला. खिशातून काही काढले नाही.

"एकनाथराव," ते घोड्यावरून म्हणाले, "तुम्ही हे मागितलं नाही ना?"

"नाही साहेब."

"मला दिसून राहिलं. मी लिहिणारही तसंच. पण घेतलं की नाही, तेही मला लिहावं लागते."

रस्त्यात एव्हाना दोन टांगे आणि भाजीची एक हातगाडी अडकली होती. टांगेवाला काय झाले म्हणून विचारत होता आणि मुले त्याला सांगत होती की घोडा कागदासाठी थांबला आहे.

दहा वाजून वीस मिनिटांपर्यंत लखोटा चपराशाच्या हातात होता. शाई वाळली होती. एकनाथरावांनी उजवा हात सायकलच्या दांड्यावरून उचलला होता, पण तो लखोट्यापर्यंत पोहोचलेला नव्हता. केशवरावांची पेन्सिल वहीवर टेकलेली होती. घोडा उभा होता.